वर्गणी भरली, मग अंक कुणाचा?

महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीपुढे वर्षाचे अंदाजपत्रक आले की एक प्रश्न हमखास निघतो. "आता सगळे ऑनलाइन मिळते ना? मग नियतकालिकांवर एवढा खर्च कशाला? आणि तो विभाग सांभाळायला वेगळा माणूस तरी कशाला?" विचारणारे कधी प्राचार्य असतात, कधी संस्थेचे विश्वस्त, कधी नव्याने रुजू झालेले प्राध्यापक. प्रश्न रास्त आहे. लेखाचे नाव पडद्यावर दिसते, सारांशही दिसतो. म्हणजे लेख मिळालाच, असे कुणालाही वाटेल. पुढे क्लिक केले की मात्र बऱ्याचदा पैसे मागणारी चौकट उघडते. ती न येता लेख थेट उघडला, तर एकतर तो सर्वांसाठी खुला ठेवलेला असतो, किंवा तुमच्या वतीने कुणीतरी आधीच पैसे भरलेले असतात. ते कोण भरते, कसे भरते आणि भरल्यावर हातात काय उरते, ते या प्रकरणात पाहू.

१. पुस्तक एकदा येते, नियतकालिक येतच राहते

आधी संशोधनपर नियतकालिक म्हणजे काय ते समजून घेऊ. संशोधक आपला लेख संपादकाकडे पाठवतो. संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांना तपासायला देतो. त्यांच्या शंकांचे समाधान झाले की लेख छापला जातो. अशा लेखांचे ठरावीक काळाने निघणारे अंक म्हणजे संशोधनपर नियतकालिक. महाविद्यालयात सगळे त्याला 'जर्नल' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

जाणकारांकडून तपासून घेण्याची आजची शिस्त बरीच अलीकडची आहे, पण जर्नल हा प्रकार साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे सावां' ५ जानेवारी १६६५ रोजी निघाले. त्याच वर्षी ६ मार्चला लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, ते आजही निघते.

ग्रंथालयाच्या दृष्टीने पुस्तक आणि जर्नल यांचा व्यवहारच वेगळा आहे. पुस्तक दुकानातून येते, बिल होते, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, पाठीवर चिठ्ठी लागते आणि ते फडताळात जाते. काम संपले. जर्नलचे काम वर्गणी भरल्यावर सुरू होते. शिवाय पैसे आधी आणि माल नंतर, असा हा उलटा व्यवहार. पुढच्या जानेवारीपासूनचे अंक हवे असतील तर या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पैसे गेले पाहिजेत. 'न आलेल्या मालाचे पैसे कसे दिले' असा शेरा लेखापरीक्षणात निघतो आणि ग्रंथपालांना त्याचे उत्तर लिहीत बसावे लागते.

या आगाऊ रकमेत खरा धोकाही आहे. जगभरातल्या शेकडो प्रकाशकांशी एकेक करून पत्रव्यवहार करणे ग्रंथालयाला झेपत नाही, म्हणून मध्ये वर्गणी एजंट असतो. ग्रंथालय त्याला एकरकमी पैसे देते, तो ते प्रकाशकांना वाटतो. नेदरलँड्समधली स्वेट्स ही १९०१ पासूनची, जगभर ग्राहक असलेली एजंट कंपनी सप्टेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. नेमका पुढच्या वर्षाच्या वर्गण्या भरण्याचा हंगाम. ज्यांनी पैसे आधीच दिले होते त्या ग्रंथालयांचे पैसे अडकले आणि प्रकाशकांना तर ते पोचलेच नव्हते. एजंट निवडताना मिळणाऱ्या सवलतीपेक्षा त्याची पत महत्त्वाची, असे अनुभवी ग्रंथपाल सांगतात ते यामुळे.

२. अंकांची हजेरी

छापील जर्नलच्या कामाचा गाभा म्हणजे आलेल्या अंकाची नोंद आणि न आलेल्या अंकाचा तपास. आलेल्या अंकाची नोंद कुणीही करील. न आलेला अंक स्वतःहून 'मी आलो नाही' असे सांगत नाही, ही खरी अडचण.

यावर ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी काढलेली तीन कार्डांची पद्धत आजही अभ्यासण्यासारखी आहे. प्रत्येक जर्नलसाठी तीन कार्डे. एका कार्डावर आलेल्या अंकांची आणि वर्गणीची नोंद. दुसरे तपासणीचे कार्ड, ते पुढचा अंक ज्या आठवड्यात यायला हवा त्या आठवड्याच्या मागे लावून ठेवायचे. तिसरे विषयवार लावलेले. संग्रहात कोणते खंड आहेत ते त्यावरून कळते. सगळी करामत दुसऱ्या कार्डात आहे. अंक आला की ते कार्ड उचलून पुढच्या अंकाच्या आठवड्यात जाते. आठवडा संपला आणि एखादे कार्ड जागचे हलले नाही, तर तो अंक आलेला नाही. लगेच स्मरणपत्र लिहायचे. कुणाच्या स्मरणशक्तीवर काहीही सोडलेले नाही.

पुढे बहुतेक ठिकाणी कार्डेक्स आले : उथळ खणांचे लोखंडी कपाट, एकावर एक सरकवलेली कार्डे, प्रत्येकाच्या खालच्या कडेवर जर्नलचे नाव. आता हेच काम विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राचे सोल, जगभर वापरले जाणारे कोहा किंवा पुण्यात तयार झालेले स्लिम यांसारखी सॉफ्टवेअर करतात. तत्त्व रंगनाथनांचेच आहे : अंक कधी अपेक्षित आहे ते यंत्राला सांगून ठेवा, म्हणजे तो चुकला की यंत्र सांगेल.

स्मरणपत्राला उशीर चालत नाही. अंकाच्या प्रती मोजक्या छापतात, काही महिन्यांनी प्रकाशकाकडेच शिल्लक राहत नाही. मराठी आणि भारतीय जर्नलांच्या बाबतीत आणखी गुंते असतात. जानेवारी आणि एप्रिलचा मिळून जोडअंक निघतो. विशेषांकाला वेगळा क्रमांक नसतो. अंक वर्षभर रेंगाळतो आणि मग दोन एकदम येतात. सॉफ्टवेअर त्या सगळ्यांना 'गहाळ' ठरवते. प्रत्यक्षात काय घडले हे नियतकालिक विभागातल्या माणसालाच ठाऊक असते, आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. म्हणून 'जोडअंक', 'अंक निघालाच नाही' असे शेरे त्या त्या वेळी नोंदीत लिहिणे हे मी या विभागातले सर्वांत महत्त्वाचे काम मानतो.

वर्ष पूर्ण झाले की बांधणी. सुटे अंक क्रमाने लावायचे, वार्षिक सूची असेल तर ती पुढे घालायची, आणि एक खंड तयार करायचा. एक अंक नसेल तर बांधणी थांबवायची की तशीच करायची? थांबवली तर सुटे अंक हरवतात. केली तर खंड कायमचा अपुरा. माझे मत : ठरावीक मुदत वाट पाहावी, तरीही अंक आला नाही तर रिकाम्या जागी 'अमुक अंक उपलब्ध नाही' असा कागद घालून बांधून टाकावे. खंड अपुरा राहिला तरी हाती राहतो. सुटा अंक एकदा बाहेर गेला की बहुधा परत येत नाही.

३. आठ आकडी ओळख

जर्नलची नावे सारखी असतात, बदलतात, मोडतात, एकमेकांत मिसळतात. मुंबईतले 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' घ्या. सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव 'इकॉनॉमिक वीकली' होते. आजच्या नावाने ते १९६६ पासून निघते. १९५५ चा लेख शोधणारा विद्यार्थी आजचे नाव घेऊन कपाटापाशी गेला तर रिकाम्या हाताने परतेल. दोन्ही नावांच्या नोंदी एकमेकींशी जोडणे हे ग्रंथालयाचे काम.

या घोळावर उपाय म्हणून प्रत्येक नियतकालिकाला आठ आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो, त्याला आयएसएसएन म्हणतात. त्याचे मुख्य केंद्र पॅरिसमध्ये आहे. भारतात हा क्रमांक दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतून मिळतो. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, म्हणजे क्रमांक उतरवताना चूक झाली तर ती पकडता येते. करून पाहू. वरील साप्ताहिकाच्या छापील आवृत्तीचा क्रमांक ००१२-९९७६ आहे. पहिल्या सात आकड्यांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा : ०, ०, ६, १०, ३६, २७, १४. बेरीज ९३. तिला ११ ने भागल्यावर बाकी ५. आता ११ मधून ५ वजा करा, उरले ६. क्रमांकाचा शेवटचा आकडा ६ च आहे. (उत्तर १० आले तर त्या जागी रोमन अक्षर एक्स लिहितात, बाकी शून्य असेल तर शून्य.)

त्याच साप्ताहिकाच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीचा क्रमांक वेगळा आहे : २३४९-८८४६. मजकूर तोच असला तरी छापील आणि इलेक्ट्रॉनिक ही दोन स्वतंत्र रूपे मानली जातात. त्यामुळे ग्रंथालयाला एकाच जर्नलची दोन खाती सांभाळावी लागतात, आणि कोणत्या वर्षापर्यंत छापील आहे, कोणत्या वर्षापासून ऑनलाइन आहे, हे वाचकाला एकाच नोंदीत दिसेल अशी व्यवस्था करावी लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यात अनेक तरुण प्राध्यापक फसतात. आयएसएसएन हा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नललाही तो मिळू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा एक नमुना पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासला. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार त्यांतली ८८ टक्के जर्नले दर्जाच्या निकषांत बसत नव्हती. त्यानंतर 'यूजीसी-केअर' यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही यादी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. आता 'हे जर्नल बरे आहे का?' हा प्रश्न घेऊन प्राध्यापक ग्रंथपालांकडेच येणार. त्याचे उत्तर देण्याची तयारी हाही जर्नल-व्यवस्थापनाचाच भाग झाला आहे.

४. एक वाहिनी हवी तर शंभर घ्या

इलेक्ट्रॉनिक जर्नले आली तेव्हा खर्च घटेल असे वाटले होते. कागद नाही, टपाल नाही. तसे झाले नाही.

घरातल्या केबलचे उदाहरण घ्या. आजींना एक मराठी वाहिनी हवी असते आणि नातवाला क्रिकेटची. सुट्या वाहिन्यांचे दर असे ठेवलेले असतात की शंभर वाहिन्यांचे पॅकेजच परवडते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रकाशकांनी ग्रंथालयांसमोर हेच ठेवले : आमची सगळी जर्नले एकत्र घ्या, वर्गणी आज भरता त्याहून थोडी जास्त. त्याला 'बिग डील' म्हणतात. सुरुवातीला सगळे खूश झाले, कारण लहान विद्यापीठालाही शेकडो जर्नले एकदम मिळाली. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचे ग्रंथालय संचालक केनेथ फ्रेझर यांनी २००१ मध्येच इशारा दिला होता की एकदा पॅकेजमध्ये शिरल्यावर नको असलेले जर्नल कमी करून पैसे वाचवण्याची सोय संपते, दरवर्षी दर वाढतो आणि बाहेर पडणे अवघड होते. तो इशारा खरा ठरला.

दरवाढीचा हिशेब करून पाहा. समजा एका पॅकेजची वर्गणी १ लाख रुपये आहे आणि ती दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढते. दहा वर्षांनी ती सुमारे १ लाख ९७ हजार होईल, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यात डॉलरची भर. २०१० मध्ये एक डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, २०२४ मध्ये ८३-८४ रुपयांना. प्रकाशकाने हजार डॉलरची किंमत एका पैशाने वाढवली नसती तरी आपल्या ग्रंथालयाला ४५ हजारांऐवजी ८३ हजारांहून अधिक मोजावे लागले असते. महाविद्यालयाचे ग्रंथालय-अनुदान या वेगाने वाढत नाही. मग पुस्तकांच्या रकमेतून पैसे जर्नलांकडे वळतात आणि मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान यांची खरेदी आधी कापली जाते.

श्रीमंत विद्यापीठांनाही हे जड गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाशी करार नूतनीकरणाची बोलणी थांबवली. मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला, त्यात विद्यापीठाच्या संशोधकांचे लेख सर्वांना मोफत वाचायला खुले ठेवण्याची अट होती. एवढी ताकद एकट्या महाविद्यालयाकडे नसते.

केबलची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. रिचार्ज संपला की पडदा काळा होतो, आणि आदल्या महिन्यात पाहिलेला कार्यक्रमही हाती राहत नाही. त्याचा विचार सातव्या भागात करू.

५. दार उघडणारी किल्ली

पैसे भरल्यावर वाचक आत शिरतो कसा? सर्वांत सोपी पद्धत म्हणजे परिसराचा पत्ता. महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीला आयपी नावाचे ठरावीक क्रमांक असतात. ते प्रकाशकाकडे नोंदवलेले असले की त्या जोडणीवरून कुणीही आले तरी दार उघडते, लॉगइन लागत नाही. घरून किंवा परिसराबाहेरून वाचायचे तर संस्थेने दिलेल्या ओळखीने लॉगइन करावे लागते. इन्फ्लिबनेटने त्यासाठी 'इन्फेड' ही सामाईक ओळख-व्यवस्था उभी केली आहे.

इथल्या तक्रारी रोजच्या असतात. इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलली, आयपी बदलला, प्रकाशकाला कळवायचे राहिले, आणि एका सकाळी सगळी जर्नले बंद. किंवा एखादा विद्यार्थी पंधरा वर्षांचे सगळे अंक एका रात्रीत उतरवून घेण्याचा कार्यक्रम लावतो. प्रकाशकाच्या यंत्रणेला ही चोरी वाटते आणि ती पूर्ण परिसराचा प्रवेश रोखते. एकाच्या हावरेपणाने हजारोंचे वाचन थांबते. तो प्रवेश पुन्हा सुरू करून घेण्याचा पत्रव्यवहार ग्रंथालयाच्याच डोक्यावर येतो.

६. पुण्यातली जुनी युक्ती

एकट्याला न परवडणारे जर्नल चौघांनी मिळून घ्यावे, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा एक सुंदर दाखला पुण्यात सापडतो.

१९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या गणितप्रेमी उपजिल्हाधिकाऱ्यांनी देशभरातल्या मूठभर गणितज्ञांना एकत्र केले. या मंडळींची अडचण साधी होती. युरोपातली गणिताची जर्नले महाग, आणि प्रत्येकजण वेगवेगळ्या गावी. तेव्हा सर्वांनी वर्गणी काढायची, जर्नले आणि पुस्तके एका ठिकाणी मागवायची आणि टपालाने सभासदांमध्ये फिरवायची, असे ठरले. ते ठिकाण होते पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. या मंडळाचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये तिच्याच जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ते ग्रंथालय पुढे १९५० मध्ये मद्रासला गेले.

याच मार्गाने १९८१ मध्ये खगोलशास्त्राच्या ग्रंथालयांनी 'फोर्सा' हा गट स्थापन केला. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांची ग्रंथालये जोडण्याचा प्रकल्प सुरू केला, तोही पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली. हाच इन्फ्लिबनेट. १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला आणि आज त्याचे कार्यालय गांधीनगरला आहे.

त्यानंतर एकत्र खरेदी करणारे संघ उभे राहिले : तंत्रशिक्षण संस्थांसाठी 'इंडेस्ट', विद्यापीठांसाठी 'यूजीसी-इन्फोनेट', आणि २०१० पासून महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट'. २०१५ मध्ये हे सगळे 'ई-शोधसिंधू'त एकत्र आले. आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली : २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नले, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षक-संशोधक.

आकडा मोठा वाटतो, म्हणून भागून पाहू. वर्षाला २,००० कोटी. संस्थांवर विभागले तर प्रत्येकी सुमारे ३२ लाख. वाचकांवर विभागले तर माणशी वर्षाला साधारण १,१११ रुपये. तेरा हजार जर्नलांचे दार यात उघडते. विदेशी प्रकाशकांचा एकेक लेख सुटा घ्यायचा तर बहुतेक ठिकाणी तीस-चाळीस डॉलर पडतात. त्या मानाने हा सौदा मला फायद्याचा वाटतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातली विद्यार्थिनी आणि मुंबईच्या आयआयटीतला संशोधक एकच लेख एकाच दिवशी वाचू शकतात, ही या देशात पूर्वी नसलेली गोष्ट आहे.

पण दोन मर्यादा ध्यानात ठेवा. योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी मंजूर झाली आहे. महाराष्ट्रातली बरीचशी महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. आपले महाविद्यालय यादीत आहे का, नसेल तर एन-लिस्टचे सभासदत्व चालू आहे का, हे आधी तपासायला हवे. दुसरी मर्यादा, वर्गणी संपल्यावर काय उरते ही, पुढच्या भागात पाहू.

७. वापर मोजायचा कसा आणि बंद केल्यावर उरते काय

छापील जर्नल कितीजण वाचतात हे कळणे कठीण होते. ऑनलाइन वाचन मोजता येते. २००२ मध्ये 'काउंटर' या नावाने प्रकाशक आणि ग्रंथालयांनी मिळून एक सामाईक मोजपट्टी ठरवली, त्यामुळे दोन प्रकाशकांचे आकडे शेजारी ठेवता येतात. समजा एका जर्नलची वर्गणी ६०,००० रुपये आणि वर्षात १५ लेख वाचले गेले, तर एका वाचनाची किंमत ४,००० रुपये. दुसऱ्याची वर्गणी १,८०,००० पण ९०० वाचने, तर किंमत २०० रुपये. महाग दिसणारे स्वस्त निघाले.

हा हिशेब करावा, पण त्याच्या हवाली होऊ नये. गणिताचा किंवा संस्कृतचा संशोधक वर्षातून चार लेख उघडतो आणि त्यांवर सहा महिने काम करतो. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दिवसात चाळीस उघडते. आकडा दोघांना एकाच मापाने मोजतो. लहान विभागाचे जर्नल बंद करण्याआधी त्या विभागातल्या माणसाशी बोलणे हाच उपाय.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. छापील जर्नलची वर्गणी बंद केली तरी आधीचे खंड कपाटात राहतात. ते ग्रंथालयाचेच असतात. ऑनलाइन वर्गणीत आपण बहुधा वाचण्याची परवानगी घेतो, वस्तू नाही. करारात 'वर्गणी भरलेल्या वर्षांचे अंक करार संपल्यावरही कायम वाचता येतील' असे कलम असेल तरच ते उरतात. नसेल तर पाच वर्षे पैसे भरूनही सहाव्या वर्षी काहीच नाही. करारावर सही होण्याआधी हे एक कलम शोधावे, आणि तो कागद जपून ठेवावा. दहा वर्षांनी तोच पुरावा.

प्रकाशकच बंद पडला तर? त्यासाठी काही ठिकाणी प्रती राखून ठेवण्याची सोय आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातून निघालेल्या 'लॉक्स' या उपक्रमात अनेक ग्रंथालये आपापल्याकडे प्रती ठेवतात. 'पोर्टिको' ही सेवा प्रकाशकांकडून मजकूर घेऊन जतन करते. 'जेस्टोर' १९९५ पासून जुन्या जर्नलांचे खंड पहिल्या अंकापासून संगणकावर आणत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे 'अ‍ॅनल्स' तिथे वाचता येतात. या सोयी बड्या जर्नलांना पुरतात. लहानांचे हाल होतात. मिकाएल लाक्सो आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून पूर्ण नाहीशी झालेली, मोफत वाचता येणारी पावणेदोनशेच्या आसपास जर्नले त्यांना आढळली. ऑनलाइन आहे म्हणून ते टिकेल, या समजुतीला हे चोख उत्तर आहे.

८. जे कुणीच दुसरे जपणार नाही

आता सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर. विदेशी प्रकाशकांची जर्नले देशाने एकत्र घेतली, त्यामुळे महाविद्यालयीन ग्रंथालयाचा पैसा आणि वेळ काही प्रमाणात मोकळा झाला असेल, तर तो कापू नये. तो मराठीतल्या आणि आपल्या प्रदेशातल्या नियतकालिकांकडे वळवावा. वाईचे 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', गोखले संस्थेचे 'अर्थविज्ञान' आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेली, दहा-पंधरा अंकांनंतर थांबलेली संशोधनपत्रे. यांतले बरेच जगाच्या कुठल्याही पॅकेजमध्ये नाही. १८६७ मध्ये सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तार'चे जे खंड आज वाचायला मिळतात, ते कुठल्यातरी ग्रंथालयाने पावसाळ्याची ओल आणि कसर यांपासून वाचवले म्हणून.

आणि नेमके हेच खंड सध्या धोक्यात आहेत. संगणक कक्षासाठी जागा हवी, तपासणी समितीला नीटनेटके ग्रंथालय दाखवायचे आहे, म्हणून 'कुणी वाचत नाही' असे सांगून जुने बांधीव खंड बाहेर काढले जातात. विदेशी जर्नलचा छापील खंड काढला तर फारसे बिघडत नाही, त्याच्या प्रती आणि ऑनलाइन आवृत्ती दहा ठिकाणी असते. मराठी त्रैमासिकाचा १९६० च्या दशकातला पूर्ण संच काढला तर कदाचित तो जिल्ह्यातला शेवटचा असेल. निर्णय घेण्याआधी शेजारच्या चार ग्रंथालयांना विचारावे, कुणाकडे कोणते अंक आहेत याची सामाईक यादी करावी, आणि निदान एकाने तरी संच ठेवण्याची लेखी जबाबदारी घ्यावी.

वाचकांनाही यात करण्यासारखे आहे. तुमच्या घरी, माळ्यावर किंवा वडिलांच्या कपाटात अशा नियतकालिकांचे जुने अंक असतील तर ते रद्दीत देण्याआधी एक कागद घ्या. प्रत्येक अंकाचे नाव, वर्ष, महिना आणि खंड-अंक क्रमांक लिहा, फाटका असेल तर तसा शेरा मारा, आणि ती यादी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना दाखवा. त्यांच्या नोंदीत 'उपलब्ध नाही' असा शेरा असलेला अंक तुमच्याकडे निघू शकतो.